व्हॉइसमेल: मिनिटं कुणाची कापली जातात? सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने

फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही आणि पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज आला, ‘बीपनंतर आपला निरोप ठेवा’. त्या क्षणापासून कुणाच्या प्लॅनमधली मिनिटं जायला लागतात? फोन करणाऱ्याच्या, न उचलणाऱ्याच्या, की दोघांच्याही? बहुतेकांना हे सांगता येत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. कंपन्यांच्या माहितीपत्रकात हा मजकूर तळाशी, बारीक अक्षरात असतो.

सोलापुरात हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. आपल्याकडच्या बहुतेक प्रीपेड सिमवर व्हॉइसमेल चालू नसतं. मिस्ड कॉल दिसला की परत फोन करायचा, हीच आपली रीत. पण आता दोन प्रकारच्या लोकांना हे समजून घ्यावंच लागतं. एक म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा चाटी गल्लीत धंदा करणारे, जे आपले कॉल दुसऱ्या नंबरावर वळवून ठेवतात. दुसरे म्हणजे जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड भागातले आई-वडील, जे मुलांकडे अमेरिकेला किंवा इंग्लंडला काही महिने राहायला जातात. घरी ‘अनलिमिटेड’ची सवय झालेली असते. तिकडे मोजक्या मिनिटांचं सिम हातात येतं आणि पहिल्याच महिन्यात मिनिटं कुठे गेली ते कळत नाही. हा लेख मुख्यतः या दोघांसाठी आहे, पण आई-बाबांचा फोन सांभाळणाऱ्या मुलामुलींनीही वाचावा.

पहिली पायरी: एका निरोपामागचे तीन कॉल

हे एवढं नीट समजलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबतो. व्हॉइसमेलवर ठेवलेला एक निरोप म्हणजे प्रत्यक्षात तीन वेगळे कॉल असतात. पहिला, फोन करणाऱ्याकडून तुमच्या नंबरापर्यंतचा. दुसरा, तुम्ही उचलला नाही म्हणून तुमच्या नंबरावरून व्हॉइसमेलच्या पेटीकडे वळवलेला. तिसरा, तुम्ही नंतर निरोप ऐकायला स्वतः लावलेला. प्रत्येकाचा मीटर वेगळा असतो आणि तो वेगळ्या माणसाच्या नावावर पडू शकतो.

पहिल्या कॉलचे पैसे नेहमी फोन करणाऱ्याचे. इथे एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. नुसती रिंग वाजते तोवर मीटर पडत नाही. कॉलर ट्यून ऐकू येते तेव्हाही नाही. ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती आता उपलब्ध नाही’ ही कंपनीची सूचना ऐकू आली तरी नाही. कॉल ‘उचलला गेला’ असा इशारा नेटवर्कला मिळतो, तेव्हाच मिनिटं मोजायला सुरुवात होते. व्हॉइसमेलची पेटी म्हणजे नेटवर्कच्या दृष्टीने कॉल उचलणारा एक फोनच, त्यामुळे तिचा आवाज सुरू झाला की मीटरही सुरू होतो. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे फोनच्या पडद्यावरचं घड्याळ. ००:०१, ००:०२ असे आकडे पळायला लागले की पैसे लागायला लागले. निरोप ठेवायचा नसेल तर रिंग थांबून तो आवाज येण्याच्या आतच फोन ठेवून द्या. सोलापुरातून परदेशी फोन करणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं. आयएसडीचा दर मिनिटावर असेल, तर ‘हॅलो’सुद्धा न म्हणता एक मिनिट जातं.

दुसऱ्या कॉलबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. तुमच्याच कंपनीच्या व्हॉइसमेल पेटीत कॉल गेला, तर तुमच्या देशात असताना त्याचे पैसे सहसा लागत नाहीत. अमेरिकेतल्या बहुतेक प्लॅनमध्येही, तुम्ही न उचललेल्या कॉलवर कुणी निरोप ठेवला म्हणून तुमची मिनिटं जात नाहीत. मात्र कॉल तुम्ही दुसऱ्या एखाद्या नंबरावर वळवला असेल, तर तुमच्या नंबरापासून त्या नंबरापर्यंतचा कॉल *तुम्ही* केला असं धरलं जातं. समजा, एका यंत्रमाग कारखानदाराने शेडमधल्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही म्हणून मोबाइल ऑफिसच्या ०२१७ च्या लँडलाइनवर वळवून ठेवला आहे. हैदराबादच्या व्यापाऱ्याने मोबाइलवर फोन केला आणि ऑफिसातल्या दिवाणजींनी तो घेऊन टॉवेलच्या ऑर्डरीवर दहा मिनिटं बोलणं केलं. व्यापाऱ्याने मोबाइलपर्यंतच्या कॉलचे पैसे दिले. मोबाइलपासून लँडलाइनपर्यंतची दहा मिनिटं कारखानदाराच्या सिमवरून गेली, त्यांनी फोनला हातही लावलेला नसताना. असा वळवलेला कॉल अनलिमिटेडमध्ये धरायचा की वेगळा मोजायचा, हे प्रत्येक कंपनी आपल्या अटींमध्ये ठरवते. म्हणून गृहीत धरू नका, विचारा.

तिसरा कॉल निरोप ऐकण्याचा. तो लावता तुम्ही, म्हणून मिनिटं तुमचीच. मोजक्या मिनिटांच्या प्लॅनवर खरा फटका इथे बसतो. आलेला निरोप ऐकणं हा आपल्या फोनवरून जाणारा कॉल आहे, ही गोष्टच लोकांच्या लक्षात येत नाही.

आपल्या सवयी आणि तिकडचे नियम

भारतात मोबाइल आला १९९५ साली. ३१ जुलैला कोलकात्यातून पहिला कॉल झाला. सुरुवातीची काही वर्षं आपल्याकडेही येणाऱ्या कॉलला पैसे पडायचे. चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, फोन वाजला की आधी नंबर बघून उचलायचा की नाही ते ठरवायचो. १ मे २००३ पासून नवी व्यवस्था आली. फोन करणारा पैसे देणार आणि इनकमिंग फुकट. तेव्हापासून ‘येणारं ते मोफत’ हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की व्हॉइसमेलवर *आलेला* निरोपही मोफत असणार असं आपण धरून चालतो.

अमेरिकेत मात्र मिनिटं मोजून देणाऱ्या प्लॅनमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही कॉलची मिनिटं कापली जातात. तिथले बरेचसे मासिक प्लॅन आता अनलिमिटेड आहेत, पण पाहुणे म्हणून गेलेल्या आई-बाबांसाठी मुलं अनेकदा स्वस्तातलं, मोजक्या मिनिटांचं प्रीपेड सिम घेतात. इंग्लंडमध्ये इनकमिंग फुकट, पण व्हॉइसमेल ऐकणं हा वेगळा, दर लागणारा कॉल असू शकतो. तिथे निरोप ऐकायचा नंबर कंपनीगणिक वेगळा असतो. ओटूवर ९०१, व्होडाफोनवर १२१, थ्रीवर १२३. आपल्याकडे अनेकांना कंपनीला फोन करायचा म्हटलं की १२१ लावायची सवय आहे. तिकडे व्होडाफोनवर ती सवय तुम्हाला थेट व्हॉइसमेलच्या पेटीत नेऊन सोडेल.

आता आकडेमोड. समजा, जुळे सोलापुरातली आई अमेरिकेत डॅलसला मुलीकडे गेली आहे आणि तिच्याकडे मोजक्या मिनिटांचं सिम आहे. मुलीने ऑफिसातून फोन केला, आईचा फोन आतल्या खोलीत राहिला होता. मुलीने चाळीस सेकंदांचा निरोप ठेवला: ‘आई, मला यायला उशीर होईल, छोट्याला जेवायला घाल.’ आईने नंतर निरोप ऐकायला फोन लावला. पासवर्ड टाकण्यात दहा सेकंद गेले. मग यंत्र तारीख, वेळ, नंबर सांगतं, त्यात पंधरा सेकंद. निरोप चाळीस सेकंदांचा. ‘पुसायला हे दाबा, ठेवायला ते दाबा’ यात आणखी दहा. झाले पंच्याहत्तर सेकंद. मिनिट पूर्ण धरून मोजणाऱ्या प्लॅनमध्ये ही दोन मिनिटं. मग आईने ‘ऐकलं गं’ सांगायला उलट फोन केला, तिसरं मिनिट गेलं. तोच फोन आईने आधी उचलला असता तर चाळीस सेकंदांच्या बोलण्याला एकच मिनिट लागलं असतं.

भारतात २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर आणला आणि आपल्याला सेकंदांचा हिशोब कळायला लागला. परदेशी प्लॅन घेताना पहिला प्रश्न म्हणूनच हा विचारावा: मोजणी सेकंदावर की मिनिटावर? मिनिटावर असेल तर एकसष्ट सेकंद म्हणजे दोन मिनिटं.

दुसरी पायरी: आपल्या फोनवर काय चालू आहे ते बघा

आधी सेटिंगमधून बघा. अँड्रॉइडवर फोनचं ॲप उघडा, तीन ठिपक्यांतून सेटिंगमध्ये जा आणि ‘कॉल फॉरवर्डिंग’ शोधा. काही फोनमध्ये ते ‘कॉलिंग अकाउंट्स’ किंवा ‘सप्लिमेंटरी सर्व्हिसेस’च्या आत दडलेलं असतं. आयफोनवर सेटिंगमध्ये फोनच्या विभागात, पण तिथे सहसा फक्त सगळे कॉल वळवण्याचा प्रकार दिसतो, बाकीचे खालच्या कोडने बघा. वळवण्याचे एकूण चार प्रकार असतात: सगळे कॉल वळवणे, फोन बिझी असताना, उत्तर न दिल्यास आणि संपर्क होत नसताना. या चारपैकी कुठेही एखादा नंबर लिहिलेला असेल, तर तो तुमच्या ओळखीचा आहे का ते तपासा.

कीपॅडवरूनही बघता येतं. *#२१# लावलं तर सगळे कॉल वळवलेत का ते कळतं, *#६१# ने उत्तर न दिल्यास, *#६२# ने संपर्क होत नसताना आणि *#६७# ने बिझी असताना. हे फक्त विचारणं आहे, त्याने काही बदलत नाही. फोनमध्ये दोन सिमं असतील तर दोन्हींवर वेगवेगळं बघा. एका सिमवर बंद केलं म्हणजे दुसऱ्यावर बंद झालं असं होत नाही.

अनोळखी नंबर दिसला तर हा विषय पैशांच्या पलीकडे जातो. कुरिअरवाला, बँकवाला किंवा मोबाइल कंपनीचा माणूस असल्याचं सांगून लोकांना स्टार-हॅशचा एखादा कोड लावायला सांगायचं आणि त्यांचे कॉल आपल्या नंबरावर वळवून घ्यायचे, ही फसवणूक देशभर झाली आहे. कॉल वळले की आवाजी ओटीपी, म्हणजे फोन करून सांगितला जाणारा ओटीपीही त्या माणसाकडे जातो. याच कारणाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# सारख्या कोडने कॉल वळवण्याची सोय दूरसंचार विभागाने कंपन्यांना थांबवायला लावली. कुणीही, कितीही गोड बोलून, स्टार किंवा हॅशने सुरू होणारा कोड लावायला सांगितला तर लावू नका. लावून बसला असाल तर लगेच ##००२# लावा, सगळं वळवणं रद्द होतं. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा.

तिसरी पायरी: प्लॅन घेताना काय विचारायचं

नव्या पेठेतल्या किंवा तुमच्या गल्लीतल्या रिचार्जवाल्याला विचारलंत तर तो दिवसाचा डेटा आणि वैधता सांगेल. व्हॉइसमेलबद्दल त्याला कुणी विचारतच नाही, त्यामुळे उत्तर तयार नसणार. कंपनीच्या ॲपवर प्लॅनच्या नावाखाली ‘अटी व शर्ती’ असतात, तिथे बघा, नाहीतर १९८ किंवा कंपनीच्या माहितीच्या नंबरावर विचारा. मला महत्त्वाचे वाटणारे प्रश्न थोडकेच आहेत. व्हॉइसमेल चालू करायला महिन्याचं वेगळं भाडं आहे का? निरोप ऐकायला लावलेला कॉल अनलिमिटेडमध्ये धरतात का? दुसऱ्या नंबरावर वळवलेला कॉल कशात मोजतात? आणि देशाबाहेर असताना या तिन्हींची उत्तरं बदलतात का? चौथ्या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘हो’ असंच उत्तर मिळतं.

आजी-आजोबांसाठी आणखी एक मुद्दा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅन द्यायला सांगितलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ते बाजारात आले. विडी घरकुलात राहणाऱ्या, साधा बटणाचा फोन वापरणाऱ्या आजींना डेटाचे पैसे भरायची काहीच गरज नाही. हा नियम मला मनापासून आवडला. मात्र असा प्लॅन असेल तर निरोपासाठी व्हॉट्सॲप किंवा डेटावर चालणारं कुठलंही साधन हातात नाही, हे नातवंडांनी लक्षात ठेवावं. त्यांच्यापर्यंत निरोप पोचवायचा तर कॉल किंवा एसएमएस.

चौथी पायरी: नको असेल तर बंद करा, हवं असेल तर नीट लावा

गरज नसेल तर व्हॉइसमेल बंदच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सेटिंगमधले नंबर काढून टाका किंवा ##००२# लावा. फक्त ‘बिझी, उत्तर नाही, संपर्क नाही’ हे तीन प्रकार रद्द करायचे असतील तर ##००४#. त्यानंतर *#६१# लावून खरंच बंद झालं का ते पुन्हा तपासा. महिन्याचं भाडं घेणारी सेवा म्हणून व्हॉइसमेल लागलं असेल, तर कॉल वळवणं रद्द केल्याने भाडं थांबत नाही, ती सेवाच बंद करावी लागते. अशा सगळ्या जादा सेवा बंद करायला १५५२२३ हा सर्व कंपन्यांचा सामाईक, मोफत नंबर आहे.

धंद्यासाठी हवंच असेल, तर रिंगच्या वेळेकडे लक्ष द्या. ‘उत्तर न दिल्यास’ या प्रकारात किती सेकंदांनी कॉल वळवायचा ते पाच-पाच सेकंदांच्या टप्प्याने पाच ते तीसपर्यंत ठरवता येतं. ट्रायने २०१९ च्या नोव्हेंबरात मोबाइलची रिंग तीस सेकंद वाजेल असं ठरवलं. म्हणून वळवण्याची वेळ पूर्ण तीसवर ठेवली, तर कॉल वळण्याआधीच तुटण्याचा संभव असतो. दहावर ठेवली तर कारखानदार मागापासून बाजूला येऊन खिशातून फोन काढेपर्यंत कॉल निघून गेलेला असतो, आणि वळवलेल्या कॉलची मिनिटं विनाकारण जातात. वीस किंवा पंचवीस योग्य.

निरोपाआधी वाजणारा तुमचा आवाज छोटा ठेवा. ‘मी अमुक, निरोप ठेवा’ एवढंच. तिथे तुम्ही अर्धा मिनिट बोललात, तर ते अर्धं मिनिट फोन करणाऱ्याच्या खिशातून जातं. आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांतले गिऱ्हाईक असतात, म्हणून काहीजण तिन्ही भाषांत लांबलचक स्वागत रेकॉर्ड करतात. हेतू चांगला आहे, पण एका भाषेत नाव आणि ‘निरोप ठेवा’ पुरतं.

आणि पासवर्ड बदला. ०००० किंवा १२३४ असा कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवला, तर दुसरा कुणीही तुमचे निरोप ऐकू शकतो. ओटीपीचा आवाजी कॉल तुम्ही उचलला नाही तर तोही पेटीत जाऊन बसतो, हे विसरू नका.

पाचवी पायरी: ऐकताना मिनिटं वाचवा

मोजक्या मिनिटांचं सिम असेल तर निरोप स्वतःच्या मोबाइलवरून ऐकूच नका. ज्या फोनवर मिनिटांची मोजणी नाही अशा फोनवरून, म्हणजे मुलीच्या अनलिमिटेड मोबाइलवरून किंवा घरातल्या लँडलाइनवरून, आपलाच नंबर लावा. आपला फोन उचलू नका, वाजू द्या. व्हॉइसमेलचा आवाज सुरू झाला की स्टार दाबा (काही कंपन्यांत हॅश), मग पासवर्ड टाका. निरोप ऐकू येतील आणि तुमच्या सिमवरचं एकही मिनिट जाणार नाही. सिम घेतल्या दिवशीच मुलाकडून हे एकदा करून दाखवून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा.

स्मार्टफोन असेल तर ‘व्हिज्युअल व्हॉइसमेल’ आहे का विचारा. २००७ च्या पहिल्या आयफोनपासून ही सोय आली. निरोप एसएमएससारखे यादीत दिसतात, हवा तो दाबून ऐकायचा. तो डेटावरून उतरतो, कॉलची मिनिटं लागत नाहीत, पासवर्डमध्ये आणि सूचनांमध्ये वेळ जात नाही.

खरं सांगायचं तर घरच्या माणसांसाठी व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप सगळ्यात सोयीचा. वाय-फायवर असाल तर काहीच खर्च नाही, मोबाइल डेटावर असाल तरी एका मिनिटाच्या निरोपाला एक एमबीसुद्धा लागत नाही. डॉक्टरचं ऑफिस, शाळा किंवा बँक मात्र तिकडे व्हॉइसमेलवरच निरोप ठेवतात. त्यासाठी वरची रीत यायला हवी.

सहावी पायरी: भारतातलं सिम परदेशात नेताना

हा भाग घाईने वाचू नका, सगळ्यात मोठी बिलं इथेच येतात.

बँकेचे ओटीपी येत राहावेत म्हणून आपले लोक भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवतात. ते बरोबरच आहे. आता समजा त्या सिमवर ‘उत्तर न दिल्यास’ कॉल सोलापुरातल्या भावाच्या नंबरावर वळवलेला आहे. सोलापुरात सकाळचे अकरा वाजलेत आणि गॅस एजन्सीचा फोन आला. डॅलसमध्ये तेव्हा उन्हाळ्याच्या हिशोबाने रात्रीचे साडेबारा. तुम्ही झोपेत आहात. कॉल भारतातून अमेरिकेत तुमच्या फोनपर्यंत गेला, वाजला, कुणी उचलला नाही, म्हणून तिथून परत भारतात भावाच्या नंबराकडे वळला. तुमच्या सिमवर दोन आकार लागू शकतात: रोमिंगमध्ये आलेल्या कॉलचा, आणि अमेरिकेतून भारतात गेलेल्या आंतरराष्ट्रीय कॉलचा. तुम्ही एक शब्द बोललेला नाही. भावाच्या नंबराऐवजी व्हॉइसमेलची पेटी असली तरी कॉलचा प्रवास तोच.

कॉल लाल बटणाने कापला तर? तो ‘बिझी’ धरला जातो आणि त्या प्रकारात वळवणं चालू असेल तर तसाच परत फिरतो. फोन बंद ठेवला तर? तोही खात्रीचा उपाय नाही. तुमचा फोन एकदा तिकडच्या नेटवर्कवर नोंदला गेला असेल, तर भारतातली कंपनी तुम्ही तिथेच आहात असं धरून कॉल तिकडे पाठवू शकते. वळवणं मुळातच बंद असेल आणि तुम्ही उचलला नाही, तर मात्र कॉल तसाच संपतो आणि आकार लागत नाही.

म्हणून बॅग भरायच्या यादीत हे घाला. सोलापूर सोडायच्या आधी, घरच्या नेटवर्कवर असतानाच, ##००४# लावा आणि *#६१#, *#६२#, *#६७# लावून तिन्ही बंद असल्याची खात्री करा. परदेशात पोचल्यावर हे कोड कधी चालतात, कधी नाही. दोन सिमं असतील तर दोन्हींवर.

तुम्ही नसताना येणारे सगळे कॉल भावाने घ्यावेत असं वाटत असेल, तर ‘सगळे कॉल’ हा प्रकार वापरा, म्हणजे *#२१# मध्ये दिसतो तो. त्यात कॉल परदेशात जातच नाही, भारतातल्या भारतात वळतो, फक्त तेवढ्या देशांतर्गत कॉलचा आकार तुमच्याकडे लागतो. एसएमएस यात वळत नाहीत, ते तुमच्या फोनवरच येतात. आवाजी ओटीपी मात्र भावाकडे जाईल. विश्वासाचं माणूस निवडा आणि परत आल्या दिवशी ते रद्द करा.

कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत फोन कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतो, त्याची काळजी मात्र करू नका. देशातल्या रोमिंगचा वेगळा आकार आता नेहमीच्या प्लॅनमध्ये लागत नाही.

सातवी पायरी: पैसे कापले गेलेच तर

प्रीपेड असेल तर कॉल संपल्यावर पडद्यावर येणारा छोटा संदेश बघायची सवय ठेवा. किती वेळ बोलणं झालं, किती पैसे गेले, किती शिल्लक, ते त्यात येतं. संशय आला तर त्याचा स्क्रीनशॉट काढा.

मग १९८ वर तक्रार नोंदवा. बोलून झाल्यावर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागा आणि लिहून घ्या. तो नसेल तर तक्रार केल्याचा पुरावा तुमच्याकडे नाही. ‘बघतो साहेब, होऊन जाईल’ यावर फोन ठेवू नका. प्रीपेड ग्राहकालाही आपल्या कॉलचा तपशीलवार हिशोब मागता येतो. मागच्या सहा महिन्यांच्या आतला, जास्तीत जास्त पन्नास रुपयांत, आणि कंपनीने तो मागणीनंतर तीस दिवसांत द्यायचा असतो. त्यात वळवलेले कॉल वेगळ्या ओळीत शोधा. तुम्ही न लावलेला पण तुमच्या नावावर पडलेला कॉल असेल, तर त्याची तारीख, वेळ आणि नंबर त्याच डॉकेट नंबरासोबत कळवा.

उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला शुल्क नाही, आणि निकाल एकोणचाळीस दिवसांत द्यावा लागतो. अपिलाचा पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या परवाना क्षेत्राखाली असतो. सोलापूर ‘महाराष्ट्र आणि गोवा’ क्षेत्रात येतं, मुंबईचं क्षेत्र वेगळं आहे, त्यामुळे मुंबईच्या पत्त्यावर पाठवू नका.